हुसेनचाचांची गोरखचिंच

हुसेनमियाँ परकार यांच्याशी भांडून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. भात किती शिजावा, सुरमई कशी कापावी, चंद्र दिसला की नाही, विषय कुठलाही असो, शेवटचा शब्द त्यांचाच. ते आमच्या लेबर कॅम्पचे मुख्य आचारी होते. साडेतीनशे माणसांचं पोट त्यांच्या हातात, त्यामुळे त्यांच्याशी वैर कुणालाच परवडणारं नव्हतं. सगळे त्यांना हुसेनचाचा म्हणत. मीही म्हणायचो.

मी गिरीश. नाशिकला सिव्हिलचा डिप्लोमा केला, सौदीत आलो आणि कंपनीने मला टाइपरायटरपुढे बसवलं. आमचा कॅम्प हफ्र अल बातिनच्या बाहेर होता. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं आणि आमच्या भोवतीच्या ओसाड माळावर अर्ध्या जगाचं सैन्य येऊन बसलं. त्या सैन्यासाठी आमची कंपनी गोदामं बांधत होती. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. भीती वाटली तरी पळणार कुठे? जानेवारीत विमानं उडायला लागली. ऑफिसातल्या माणसांना गॅस मास्क मिळाले. कामगारांना सांगितलं, भोंगा झाला की ओला टॉवेल तोंडाला लावा. मला मास्क मिळाला होता आणि मी तो घेतला, याची मला आजही लाज वाटते.

हुसेनचाचांनी टॉवेलसुद्धा घेतला नाही. पहिल्या भोंग्याला आम्ही सगळे धावत जाऊन सिमेंटच्या मोठ्या पाइपांत बसलो. हे एकटे स्वयंपाकघरात भाताच्या डेगेपाशी उभे. मी पाइपातून ओरडलो, तर आतून आवाज आला, "तू बस रे तिथं! मिसाईल पडंल का नाय ता अल्लाला ठावक. मी हलल्यावर भात करपणार, ह्या मला ठावक हाय!"

या माणसाला दोनच गोष्टींचा गर्व होता. एक आपल्या हातचा भात, दुसरी आपल्या गावची गोरखचिंच. दाभोळच्या खाडीकाठी त्यांचं गाव. तिथे एका पिराचा दर्गा आणि दर्ग्याला लागून ते झाड. खोड एवढं जाड की सात माणसांनी हाताला हात धरले तरी कवेत येत नाही. उन्हाळ्यात पान म्हणून नसतं, नुसता काळा सांगाडा. मग पावसाळ्यात पांढरी फुलं येतात आणि पुढे लांब देठांना दुधीएवढी, मखमली लवेची फळं लोंबतात. फळ फोडलं की आत खडूसारखा पांढरा, कोरडा, आंबट गर.

त्या झाडाचे गुण सांगायला लागले की चाचांचा झारा हवेत थांबायचा. हगवण लागली की गर ताकात कालवून द्यायचा. ताप असला तर पाण्यातून, खडीसाखर घालून. दम्याला वाळल्या पाल्याची पूड मधातून. सांधा सुजला की ओला पाला वाटून लेप. सालीचा काढा हिवतापाला. आणि एवढं करून उरलेली रिकामी कवटी कोळ्यांनी जाळ्याला बांधायची, जाळं तरंगायला. दर खेपेला यादीत एकदोन रोग वाढायचे. झाड होतं की सिव्हिल हॉस्पिटल, असं मी एकदा म्हणालो, तर मला दोन दिवस खालचा करपलेला भात मिळाला.

त्या झाडाचा एक नियम होता, आणि तो मात्र चाचा कधी वाढवून किंवा बदलून सांगत नसत. पिराच्या झाडाचं औषध विकायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मग मागणारा सावकार असो, वैरी असो, की काल आपल्याच बांधावरून भांडलेला भाऊबंद.

आता चूक सांगतो. चाचांची ठाम समजूत होती, की असं झाड जगात एकच आहे. पीर अरबस्तानातून आले, त्यांनी हातातली काठी जमिनीत रोवली आणि तिला पालवी फुटली. आजोबांनी सांगितलं होतं, म्हणजे विषय संपला. वयाची बावन्न वर्षं ही समजूत सुखाने नांदली. मग आमच्याकडे हम्माद आला.

हम्माद सुदानचा. उंच, हडकुळा, हसला की सगळे दात दाखवणारा. दर आठवड्याला रियाधला जाऊन किराणा, भाजी, मांस घेऊन येणारा ट्रक तो चालवायचा. एकदा त्याने रियाधच्या बत्हा बाजारातून स्वतःसाठी एक लहान पोतं आणलं आणि ओल लागू नये म्हणून स्वयंपाकघरात ठेवलं. दुसऱ्याचं पोतं न उघडता राहतील तर ते हुसेनचाचा कसले! त्यांनी आत हात घातला, पांढऱ्या गराचा एक खडा जिभेवर ठेवला आणि त्यांचा चेहरा पार उतरला. हम्मादची गचांडीच धरली त्यांनी.

"ये किधर से लाया? हमारा पीर का झाड किसने तोडा?"

"कौन पीर?" हम्माद गोंधळला. "ये तो तबल्दी है. हमारा कोर्दोफान में बहोत है. हजार, दो हजार. बच्चा लोग खाता, बूढा लोग खाता. पेट खराब, बुखार, सब में खाता."

हजार, दोन हजार! चाचा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कॅम्पात सुतक असल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हम्मादला चहाला बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. पाल्याचं काय करता? सालीचं? बियांचं? उत्तरं बहुतेक त्यांच्याच यादीतली निघाली. एक गोष्ट मात्र नवी होती. हम्मादच्या मुलखात जुन्या तबल्दीचं खोड आतून पोखरतात आणि पावसाचं पाणी त्या पोकळीत भरून ठेवतात. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गाव ते पाणी पितं. त्या झाडांना माणसांसारखी नावं असतात, आणि पाणी महिनोन्‌महिने चांगलं राहतं.

चाचांनी चहा संपवला. मग त्यांनी निकाल दिला. "आमचे पीर अरबस्तानात यायच्या आदी ह्याच्या मुलखातून गेले असणार. काठी तिथनंच घेतली." चुकलो म्हणायचं नाही म्हणून माणसाने पिरालाच वळसा घालायला लावला! पण त्या दिवसापासून हम्मादचं ताट त्यांच्या ताटाशेजारी लागायला लागलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅम्पात माणसं आजारी पडायला लागली. त्या हिवाळ्यात तिकडे पाऊस फार झाला होता, सगळीकडे चिखल. आधी पाच-सहा जणांना जुलाब, मग एक पूर्ण बराक, मग शंभराच्या वर. उभी राहिलेली माणसं संडासाच्या रांगेतच खाली बसत होती. कॅम्पच्या कंपाउंडरने गोळ्या वाटल्या, त्या दोन दिवसांत संपल्या. मग त्याने रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'युद्धाची भीती'. ज्यांना उभंही राहता येत नव्हतं त्यांचे खाडे लागले.

चाचांना कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. स्वयंपाकघरामागे पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी होती. तिचं झाकण फुटलेलं, आणि दहा पावलांवर मैल्याचा खड्डा. पावसाने खड्डा भरून वाहिला होता. स्वयंपाकाचं आणि चहाचं पाणी चाचा उकळून घेत, पण बराकींतल्या नळांना तेच टाकीचं पाणी होतं. ते दोनदा मॅनेजरच्या केबिनवर जाऊन आले.

मॅनेजर हर्षवर्धन. पुण्याचा, आपलाच माणूस, गोड बोलणारा. त्याच्या केबिनमध्ये सीलबंद बाटल्यांचे खोके रचलेले असत. "हुसेनमियाँ, युद्ध चालू आहे," तो म्हणाला. "टाकी उपसली तर भरायला टँकर कुठून आणू? थोडं सहन करा."

चाचा आले ते तडक हम्मादकडे गेले. पोतं मागितलं. हम्मादने ते दिलं आणि पुढच्या फेरीला आणखी दोन आणली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, कारण तोवर त्यालाही पिराचा नियम पाठ झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात एक मोठं पातेलं लागलं. डब्यातलं लबन, म्हणजे तिकडचं ताक, त्यात उकळून गार केलेलं पाणी, गोरखचिंचेचा गर, मीठ, थोडी साखर. चाचा झारा घेऊन उभे. जो यायचा त्याला पेला भरून, वर शिव्या फुकट.

"नळाचा पाणी पिलास तर तंगडा मोडंन! तहान लागली तर हितं ये!"

दोन-तीन दिवसांत बरीच माणसं उठून बसली. गराने, मिठाने की उकळलेल्या पाण्याने, हे मी सांगू शकत नाही, मी वैद्य नाही. चाचांच्या मते प्रश्नच नव्हता. पण एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की जी माणसं त्या पातेल्यावर राहिली ती बरी झाली आणि जी नळाकडे गेली ती पुन्हा आडवी पडली. साडेतीनशे माणसांना पुरेल एवढं पाणी उकळायला गॅस मात्र पुरत नव्हता.

शंभर माणसं आजारी पडल्याची बातमी लष्करापर्यंत गेली आणि तपासणीला अधिकारी येणार असा निरोप आला. हर्षवर्धन पांढराफटक पडला. पाणी खराब निघालं तर कंपनीचं काम जाणार, आणि त्याच्याआधी त्याची खुर्ची. तो कॅम्पभर फिरला, स्वयंपाकघरात आला आणि त्याला ती पोती दिसली. पांढरी पूड. रासायनिक बॉम्बच्या धसक्याने लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, असे ते दिवस. त्यात पूड आणणारा माणूस सुदानी, आणि सुदानचं सरकार इराककडे झुकलंय असं तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. बुडत्याला काडी नाही, ओंडकाच सापडला.

त्याने मला बोलावून मजकूर सांगितला. "मी, हुसेनमियाँ परकार, कबूल करतो की सुदानी ड्रायव्हर हम्माद याने दिलेली अनोळखी पांढरी पूड मी कामगारांना दिली आणि तिच्यामुळे ते आजारी पडले. कॅम्पच्या पाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही." आणि मी ते टाइप केलं. स्वच्छ, एकही चूक न करता. माझ्यासारखी माणसं असली की हर्षवर्धनसारख्यांना फार काही करावं लागत नाही.

चाचांना केबिनमध्ये बोलावलं. मी कोपऱ्यात उभा होतो.

"सही केलीत तर तुमच्यावर काही येणार नाही," हर्षवर्धन म्हणाला. "तुम्हाला फसवलं गेलं, एवढंच. नोकरी आहे तशी राहील. नाही केलीत तर खुरूजचा, कायमचं परत जाण्याचा, शिक्का मारून घरी पाठवीन. पुन्हा सौदीत पाऊल नाही."

"आणि हम्माद?"

"त्याचं पोलीस बघतील."

पोलीस काय बघतील हे आम्हा तिघांनाही समजत होतं. युद्धाच्या तोंडावर, लष्करी गावात, विषारी पूड वाटणारा सुदानी. तो माणूस पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नसता.

चाचांनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला. मला वाटलं, फाडणार. पण ते शांतपणे म्हणाले, "उद्या दुपारी जेवणाच्या टायमाला, मेसमदी. मला काय सांगायचा हाय ता सगळ्यांसमोर सांगतंय."

हर्षवर्धन खूश झाला. साडेतीनशे साक्षीदारांसमोर कबुली! त्याला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी मेस भरलेली होती. हम्माद चाचांच्या नेहमीच्या जागेशेजारी बसला होता. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं, आणि त्या दिवशी त्याचे दात दिसत नव्हते. हर्षवर्धन कागद आणि पेन घेऊन पुढच्या टेबलाशी उभा, त्याच्यामागे मी. चाचा स्वयंपाकघरातून आले. दोन हातांत दोन पेले. दोन्ही त्यांनी टेबलावर ठेवले.

"साहेब, आमच्या गावात दोन विहिरी. कुणाच्या विहिरीतला पाणी वायट, ह्याच्यावरनं वाद झाला का दोगांना झाडाखाली बोलावतात. ज्याची विहीर, त्यानं तिचा पाणी सगळ्यांसमोर प्यायचा. बस, दुसरी साक्ष नाय." त्यांनी एक पेला उचलला. "ह्या माजा. हम्मादची पूड हाय ह्याच्यात, तुमी लिवलाय ती." आणि घटाघट रिकामा केला. तोंड पुसलं. दुसरा पेला हर्षवर्धनसमोर सरकवला. "ह्या तुमचा. नळाचा, टाकीतला. प्या, आणि मी सही करतंय. आत्ता, हितंच."

ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनाही समजलं होतं. हर्षवर्धन पेल्याकडे बघत राहिला. पाणी दिसायला स्वच्छच होतं, तेच तर वाईट.

"हा काय तमाशा आहे?" तो म्हणाला.

"तमाशा कसला? पाणी चांगला हाय ना? कागदावर हाय तसा? मग प्या." चाचांचा आवाज चढला. "ह्या हम्मादच्या मुलखात पाणी झाडाच्या पोटात ठेवतात, ता महिने महिने नासत नाय! तुमच्या शिमिटाच्या टाकीत आठ दिवस ऱ्हात नाय! आणि विष कुणी घातला? झाडानं?"

हर्षवर्धनने इकडेतिकडे पाहिलं आणि मग, मी हे कधी विसरणार नाही, पेला माझ्याकडे सरकवला. "गिरीश पिईल. गिरीश, पी रे. दाखव यांना."

मी पेला उचलला. इतके दिवस केबिनमधल्या बाटलीतलं पाणी मीही पीत होतो. समोर हम्माद माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे, नुसता बघत होता, आणि ते मला सहन होईना. मी पेला खाली ठेवला.

"मी पिणार नाही, साहेब," मी म्हणालो. "पाणी खराब आहे. आणि तो कागद मी टाइप केलाय, तो खोटा आहे." तेवढं बोलायला मला माझं सगळं आयुष्य लागलं होतं असं वाटलं. मग तेच मी हिंदीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं.

कुणी घोषणा दिल्या नाहीत की टेबलं उलथली नाहीत. माणसं जेवली, ताटं धुतली आणि टाकीभोवती जाऊन बसली. कामावर कुणी गेलं नाही. सौदीत संप म्हणजे थेट तुरुंग, आणि तोही युद्धात. पण साडेतीनशे माणसं तुरुंगात घातली तर गोदामं कोण बांधणार? दुसऱ्या दिवशी तपासणीचे अधिकारी आले तेव्हा माणसं तिथेच बसलेली होती. टाकी उपसावी लागली. तळाशी जो काळा गाळ निघाला त्याचं वर्णन मी करत नाही. जे टँकर मिळत नव्हते ते संध्याकाळपर्यंत तीन आले.

हम्मादला कुणी हात लावला नाही. फेब्रुवारी संपता संपता युद्धही संपलं.

पण हर्षवर्धन विसरला नव्हता. एप्रिलमध्ये चाचांचा करार वाढला नाही. कारण काही दिलं नाही, नुसतं खलास. त्यांना रियाधला नेऊन सोडायचं काम माझ्यावर आलं. ट्रक हम्मादने चालवला. वाटेत दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते, गर ताकात चांगला की पाण्यात. रियाधला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात पोचलो. खिडकीत एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारकून बसला होता. त्याने चाचांचा पासपोर्ट बाहेर काढला, पण स्वतःच्या हाताखाली दाबून ठेवला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. अरबीत आणि इंग्रजीत. मी वाचून दाखवला: मी माझ्या मर्जीने जात आहे. कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. राहण्याची, जेवणाची, पाण्याची सोय उत्तम होती.

"सहीशिवाय पासपोर्ट नाही," कारकून म्हणाला.

चाचा कागदाकडे बघत राहिले. "करून टाका, चाचा," मी म्हणालो. "आता काय उरलंय? घरी जायचंय तुम्हाला." हे बोलताना मला माझाच संताप येत होता, पण दुसरं काय सांगणार?

त्यांनी पेन घेतलं. सहीच्या रेघेवर हात टेकवला आणि लिहायला लागले. मराठीत, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखं एकेक अक्षर काढत, डोक्यावर रेघ ओढत. रेघ संपली तरी लिहीतच होते, समासात वळले. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, 'पाणी खराब होता. मला हाकलला. हम्मादचा काय गुन्हा नाय. हुसेनमियाँ परकार.'

मी कागद तसाच खिडकीतून पुढे सरकवला.

मिसरी कारकुनाने कागद फिरवून पाहिला. "एवढं मोठं नाव?" त्याने विचारलं.

"सगळा लिवलाय," चाचा म्हणाले.

कारकुनाने त्यावर कंपनीचा गोल शिक्का मारला, कागद फायलीत लावला आणि पासपोर्ट पुढे केला.